स्वतःला विकायला निघालेला शाबान

या कैरोत ज्याला लहानपणी कुणी विकलं नाही, त्याचं काही खरं नाही बघा. माझा नवरा यशबक दूर उत्तरेच्या किपचाक कुरणांतून गुलाम म्हणून विकला जाऊन आला, बराकीत घोडा-भाला शिकला, मुक्त झाला आणि आज सुलतानाच्या फौजेत सरदार आहे. आणि आमचा शाबान? सरदाराच्या पोटी स्वतंत्र जन्मला, म्हणून त्या फौजेत त्याला जागा नाही! सतरा वर्षांचा पोरगा, भाला फेकतो तो बराकीतल्या कुणाहूनही सरस. पण नियम म्हणजे नियम.

सगळा दोष ह्यांचा. रोज जेवताना तेच तुणतुणं, "आम्ही विकले गेलो म्हणून माणसात आलो." माझे कान किटले. पोरानं मात्र ते मनावर घेतलं.

काल सकाळी शेजारीण धापा टाकत आली. "अगं बाई, तुझा शाबान गुलामांच्या बाजारात रांगेत उभा आहे!"

मी बुरखा ओढला, ह्यांना तबेल्यातून ओढत बाहेर काढलं आणि निघाले. बघते तर बराकीचा अधिकारी आमच्या पोराचे दात तपासतोय.

"नाव?"

"तोगान."

"मुलूख?"

"किपचाक." तिथली तुर्की ह्यांच्याकडूनच शिकलेला, फाडफाड बोलत होता.

"आई?"

"नाही. वारली."

माझ्या तोंडावर!

तेवढ्यात अधिकाऱ्यानं ह्यांना ओळखलं. "सरदार, तुमच्याच मुलखातला म्हणतोय. खरं का हो?"

हे पोराकडे बघत राहिले. नुसतं 'हो' म्हटलं असतं की पोराला फौज मिळाली असती, आणि मला जन्मभर त्याला मुलगा म्हणता आलं नसतं. तरी हे 'नाही' म्हणेनात!

माझं डोकंच फिरलं. "मी मेलेली दिसते का रे तुला? अहो साहेब, हा माझ्या पोटचा आहे! स्वतंत्र मुसलमान आहे! विकत घेऊन तर बघा, काझीच्या दारात बसेन!"

अख्खा बाजार गोळा झाला. अधिकारी हात झटकून पुढच्याकडे वळला.

घरी आल्या आल्या शाबान माझ्यावर ओरडला, "अब्बांच्या आईनं त्यांना जाऊ दिलं, म्हणून ते सरदार झाले. तू वाटोळं केलंस माझं!"

"ऐकलंत?" मी ह्यांच्यावर खेकसले. "आता तरी तोंड उघडा!"

हे उंबऱ्यावरच बसले. 

"माझीही आई अशीच ओरडेल म्हणून, पोरा," म्हणाले, "आमचे तंबू दिसेनासे होईपर्यंत मी मागे वळून बघत होतो."