बर्फावरचं अर्घ्य

रुखमाबाईंच्या सामानात सगळ्यात आधी ठेवला गेला तो तांब्याचा लहानसा गडवा. स्वेटर, मेथीचे लाडू, उत्तमरावांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं मग त्याच्या भोवती बसवलं. नांदुऱ्याच्या घरात बारा वर्षं हा गडवा रोज सकाळी अंगणात यायचा. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे त्यांचं व्रत. पाणी तेवढं चालायचं. आभाळ भरलेलं असलं तर वाट पाहायची. एका श्रावणातल्या झडीत दोन दिवस तशाच राहिल्या होत्या. भटजी म्हणाले, सूर्याच्या तसबिरीला पाणी दाखवलं तरी चालतं. त्या नुसत्या हसल्या आणि दारात बसून राहिल्या.

व्रत धरलं होतं ते हर्षलसाठी. मलकापूर रोडवर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली, तेव्हा तो अकोल्याच्या दवाखान्यात चार दिवस बेशुद्ध होता. पाचव्या सकाळी खिडकीतलं ऊन त्याच्या कपाळावर आलं आणि पोरानं डोळे उघडले. तिथंच, औषधांच्या वासात उभं राहून, रुखमाबाईंनी सूर्यनारायणाला बारा वर्षं बोलून टाकली. येत्या रथसप्तमीला ती भरणार होती. उद्यापनाची यादीही तयार होती.

आता तोच हर्षल झुरिकला नोकरीला होता आणि त्यानं आईबाबांची तिकिटं काढून पाठवली होती. परतीचं विमान रथसप्तमीच्या पाच दिवस आधीचं. थोरल्या जाऊबाईंना, अन्नपूर्णाबाईंना, हे मुळीच पटलं नाही. त्यांनी ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आळीतल्या सगळ्या बायांसमोर बोलून दाखवलं.

"बारा वर्षं सांभाळलं अन् आता शेवटच्या पंधरवड्यात विमानात बसून राह्यली. तिथी हिवाळ्यात सूर्यच दिसत नाई म्हणतात. मोडलं, तं उद्यापनाले मले बोलावजो नको."

रुखमाबाईंनी हातातलं वाण पुढच्या बाईच्या ओटीत घातलं. "सूर्य एकच हाय, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तिथी उशिरा निघत असन."

उशिरा निघत होता हे खरंच. विमानात ढगांच्या वर तो खिडकीतच येऊन बसला होता, तेव्हा काही अडचण पडली नाही. पण झुरिकच्या आधी हर्षलला त्यांना पॅरिस दाखवायचं होतं, आणि तिथं आठ वाजले तरी रस्त्यावरचे दिवे जळतच होते. हर्षल आणि सूनबाई प्रेरणा त्यांना नदीवरच्या एका पुलावर घेऊन गेले. उंच इमारतींच्या मधून समोरचं आभाळ थोडं मोकळं दिसेल अशी ती जागा प्रेरणानं आदल्या दिवशीच हेरून ठेवली होती. उत्तमराव कानटोपीत मान घालून उभे. तुझ्यासोबत मीही उपाशी राहतो, असं ते मोठेपणानं म्हणाले होते, पण कोटाच्या खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा आवाज येत होता. नऊच्या जरा आधी दोन इमारतींच्या फटीत लाल कड दिसली.

"तुया सूर्य इथी साहेब झाला," उत्तमराव म्हणाले. "नऊ वाजता कामावर येते."

रुखमाबाईंनी हसू दाबून अर्घ्य दिलं. पुलावरून धावत जाणारा एक गोरा म्हातारा थांबला, त्यानं टोपी काढली आणि पुन्हा धावू लागला. त्यांना ते फार आवडलं.

मग आगगाडीनं ते स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका लहानशा गावी आले, बर्फ पाहायला. बर्फ होतंच, छपरांवर हातभर साचलेलं. पण गावावर धुकं असं उतरलेलं की समोरच्या चर्चचं टोकही दिसेना. पहिला दिवस तसाच गेला. रुखमाबाई खिडकीशी बसून राहिल्या, गडवा भरून जवळ ठेवलेला. दुसरी सकाळ उजाडली तीही तशीच, दुधाळ, जागच्या जागी थांबलेली.

हर्षलच्यानं पाहवेना. तो आईच्या पायाशी येऊन बसला.

"आई, माह्यासाठीच धरलं होतं ना? मंग मीच म्हणतो, सोड. मी ठणठणीत हाओ. लाडू खाय."

रुखमाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांखाली टाक्यांचा वण अजून हाताला लागायचा.

"तुयासाठी धरलं, पण तुले नाई बोलली मी," त्या म्हणाल्या. "ज्याले बोलली त्याले इच्यारा लागन."

तेवढ्यात प्रेरणा खालून पायऱ्या चढत आली. ती हॉटेलवाल्या बाईशी बोलून आली होती. धुकं म्हणे खालीच साचलंय, वर लख्ख ऊन पडलंय. पण शिखरावर नेणारी मोठी केबल कार दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद. उघडा होता तो फक्त शिकाऊ लोकांचा उतार. त्याचं वरचं टोक धुक्याच्या बाहेर निघतं. मात्र वर न्यायला पाळणा नाही. तारेला लोंबणारी एक चकती दोन पायांत धरायची, ती माणसाला ओढत वर नेते. आणि पायात स्की, म्हणजे घसरायच्या लांब पट्ट्या, असल्याशिवाय त्या चकतीजवळ कोणाला उभंही करत नाहीत. उतरायचं तेही स्कीवरूनच, दुसरी वाट नाही.

हर्षल मान हलवू लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, उपाशी पोटी, हे शक्यच नाही.

रुखमाबाईंनी विचारलं, "केवढ्या मोठ्या राह्यतात त्या पट्ट्या?"

तासाभरात प्रेरणाची जादा पँट त्यांच्या अंगावर चढली. आयुष्यात पहिल्यांदा. मंगळसूत्र जाकिटाच्या वर, कुंकू ठसठशीत. उत्तमरावांनी वरून खाली पाहिलं आणि घसा खाकरला.

"नांदुऱ्यात सांगजो नको," त्या म्हणाल्या.

"मी कायले सांगू? फोटो काढतो."

शिकवायला एक दणकट पोरगी होती. ती सांगायची ते प्रेरणा मराठीत करून द्यायची. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकवा, भार पुढं, नडगीवर. मागं रेललात की पडलात. सपाटीवर रुखमाबाई दोनदा आपटल्या. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी समोर पाहिलं आणि त्या पांढऱ्या उताराची त्यांना एकदम ओळख पटली.

माहेरी कापूस निघाला की मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचायचे. तो दाबायचं काम पोरींचं. सैल कापसावर पाय सरळ टाकला की मांडीपर्यंत आत. मग टाचा बाहेर फेकून, गुडघ्यात वाकून, भार पुढं देऊन चालायचं. आणि वडील शेतात गेले की त्या ढिगावरून घसरत थेट उंबऱ्यापर्यंत यायचं. त्यासाठी मारही पुष्कळ खाल्ला होता. पन्नास वर्षं झाली असतील. पण पायांना सगळं आठवत होतं.

ती पोरगी बघतच राहिली. या आधी कुठं शिकल्यात का, असं तिनं प्रेरणाला विचारलं.

"सांग तिले, कापसावर," रुखमाबाई म्हणाल्या.

गडवा जाकिटाच्या आत, कोमट पाणी थर्मासात, थर्मास पाठीवरच्या पिशवीत. चकतीनं ओढायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी तोंडातल्या तोंडात सूर्याची बारा नावं धरली. पुढं काही दिसत नव्हतं, मागं काही दिसत नव्हतं, फक्त पट्ट्यांखाली बर्फ खरखरत होतं. सहावं नाव, सातवं नाव. आठव्याला धुकं पिवळसर झालं. दहाव्याला विरळ झालं. बारावं नाव पुरं व्हायच्या आतच डोकं धुक्याच्या वर निघालं.

समोर डोंगरच डोंगर, पांढरे, उन्हात न्हालेले, आणि त्यांच्या माथ्यावर सूर्यनारायण. खाली धुकं पिंजलेल्या रुईसारखं पसरलेलं. रुखमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते उजेडानं की कशानं त्यांनाही कळलं नाही.

मागच्या चकतीवरून आलेल्या प्रेरणानं थर्मास उघडून गडवा भरला. अर्घ्याचं पाणी पायावर उडू द्यायचं नसतं, आणि इथं तर पाय हातभर पुढं लांबलेले. त्या तिरप्या झाल्या, कमरेत वळल्या आणि बाजूला धार सोडली. कोमट पाण्यानं बर्फात एक गोल, निळसर खळगा पाडला. त्या खळग्याला त्यांनी हात जोडले.

मग उतार. प्रेरणा मागं, ती पोरगी पुढं. टाचा बाहेर, भार पुढं. वारा कानाला लागला, धुकं पुन्हा अंगावर आलं, आणि त्या घसरत राहिल्या, वळल्या, हळू झाल्या, पुन्हा सुटल्या. खाली उत्तमराव एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात लाडू घेऊन उभे होते, शेजारी हर्षल, दोन्ही हात डोक्यावर. धुक्यातून आधी कुंकू दिसलं, मग रुखमाबाई. त्या त्यांच्यापासून चार पावलांवर येऊन थांबल्या. उभ्याच.

हर्षल आईला धरायला धावला आणि स्वतःच घसरून बसला.

त्यांनी लाडू खाल्ला, अर्धा त्याला भरवला. हात झटकले आणि वर पाहिलं.

"अजून एक डाव जाऊ का? आता तं जेवली बी मी."

तीनदा गेल्या.

रथसप्तमीला नांदुऱ्याच्या अंगणात गोवरीवर दूध उतू गेलं, ते नेमकं पूर्वेकडं. त्याआधी रुखमाबाई स्वतः जाऊन अन्नपूर्णाबाईंना बोलावून आल्या होत्या. नको म्हटलेलं आमंत्रण घेऊन जाऊबाई आल्या, पहिल्या पाटावर बसल्या. उत्तमरावांनी मोबाइल पुढं केला. अन्नपूर्णाबाईंनी तो डोळ्यांपासून लांब धरून सगळं पाहिलं. पँट बोटांनी मोठी करून पाहिली. पुन्हा एकदा पाहिलं.

"पडली काऊन नाई वो तू?"

"कापूस नाई का तुडवला, बाई, आपण?"

अन्नपूर्णाबाईंचं माहेरही कापसाचंच. त्या हसल्या, मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या की आपणही घसरायचो, भाऊ दारावर पहारा द्यायचा.

उद्यापनाचं वाण म्हणून रुखमाबाईंनी तो गडवा त्यांच्या ओटीत घातला. अन्नपूर्णाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. रुखमाबाई चहा घेऊन अंगणात आल्या, तर भिंतीपलीकडं जाऊबाई गडवा हातात धरून पूर्वेकडं तोंड करून उभ्या.

"निघन का वो?" त्यांनी विचारलं.

रुखमाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याही वर पाहू लागल्या.

"निघन, बाई. जागेवरच राह्यते तो."