ओपलबाईंचे दार

मी एक जुनी बाहुली आहे. खेळण्यातली नव्हे, चांगली माणसाएवढी, रबराची. मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका हायस्कूलमध्ये मुली नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचे काम शिकतात, आणि त्यांची रुग्ण मी आहे. माझे नाव ओपलबाई.

कारखान्यातून मी थेट इथे आले. टवाळ मुलांनी मला मिशा काढल्या, आणि एकाने माझा उजवा हात खांद्यातून उपटला. तेव्हापासून तो चिकटपट्टीच्या भरवशावर आहे. पण शिक्षिका स्लोनबाईंचा दंडक कडक होता. माझ्या खोलीत यायचे तर आधी दार वाजवायचे, आपले नाव सांगायचे, आणि अंगाला हात लावण्याआधी मला विचारायचे. बहुतेक मुली हे लाजत, पुटपुटत उरकून टाकत.

ऱ्हेटा कोम्ब्स मात्र मला मनापासून विचारायची. खाण बंद पडल्यावर तिचे वडील कामासाठी शहरात गेले होते. तिला डोंगर सोडायचा नव्हता. गावातल्या वृद्धाश्रमात नोकरीची जागा होती, पण परीक्षा पास झाली तरच. एकदा तिचा चुलतभाऊ ड्वाइट दारात उभा राहून म्हणाला, "बाहुल्यांशी खेळायला शाळेत येतेस होय गं?"

"हो. म्हातारा झालास की तुझं अंग पुसायला मीच येणार आहे. आत्तापासून नीट बोलायला शीक."

त्या दिवशी माझ्या थंड रबरालाही अभिमानाने खरोखर ऊब आली, मित्रांनो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षक बाई घड्याळ घेऊन बसल्या. ऱ्हेटाने दार वाजवले, नाव सांगितले, विचारून मला कुशीवर वळवले, आणि माझा मेला हात तिच्या हातात आला! खिडकीबाहेरच्या पोरी खिदळल्या. ऱ्हेटा हसली नाही. तिने मला हळूच सरळ निजवले आणि म्हणाली, "माफ करा ओपलबाई. फार दुखलं का?"

"बाहुली आहे ती, पुढे चला. वेळ संपत आलीय," परीक्षक बाई म्हणाल्या.

"संपू दे. रुग्णाचा हात दुखावलाय. नर्सनं बघितल्याशिवाय मी यांना हलवणार नाही."

आणि तिने माझ्या उशाशी असलेली घंटी दाबली.

परीक्षक बाईंनी घड्याळ पालथे ठेवले, त्या उठून बाहेर गेल्या आणि दार लावून घेतले. क्षणभराने दारावर टकटक झाली.

"मी नर्स. आत येऊ का, ओपलबाई?"

ऱ्हेटा पास झाली. आज ती त्या वृद्धाश्रमात कामाला आहे. शाळेत आता डोळे मिचकावणारी, श्वास घेणारी नवी बाहुली यायची आहे, आणि मला तळघरात टाकायचे ठरले आहे. मी गयावया करणार नाही. पण मित्रांनो, जो उलटून बोलू शकत नाही, त्यालाही आधी विचारावे लागते, एवढे माझ्यावर शिकलेल्या मुलींना ठाऊक आहे.

तेव्हा मला न्यायला याल, तर दार वाजवा. नाव सांगा. हात लावण्याआधी विचारा.

मी नाही म्हणणार आहे.