झाकणावरचा गोल डाग

आमच्या रेडिओग्रामचं नाव बाईसाहेब. नाव आत्यानं ठेवलंय आणि मानही तीच ठेवते. कपाटासारखं रुंद अंग, खाली निमुळते पाय, पोटात रेडिओ, झाकण उचललं की आत तबकडीचा प्लेअर, आणि वर असं पॉलिश की मी त्यात बघून केस विंचरते. आत्याच्या दुकानात असले जुने प्लेअर आणि रेडिओग्राम रांगेनं उभे आहेत. ती ते दुरुस्त करून नाटकवाल्यांना भाड्यानं देते. द्यायची, असं म्हणायला हवं. हल्ली नाटकवाले पुठ्ठ्याचेच करून घेतात. बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं, "ताई, या महिन्यात काही हललं नाही तर ती खोली मला दे. माझ्या विकायच्या पाण्याच्या टाक्या उन्हात तडकतायत."

तेवढ्यात सिनेमावाले आले. त्यांच्या कलादिग्दर्शक बाईंनी दुकानभर फिरून बाईसाहेबांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे काम नीट झालं तर पुढच्या मालिकेला तुमचे बाकीचे सगळेच लागतील." आत्या त्या रात्री जेवलीच नाही. आनंदानं.

बाईसाहेब शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी टेम्पोतून गेल्या. सकाळी आत्याला दुकान उघडायचं होतं, ती मागून येणार होती, म्हणून तिनं मला पुढे पाठवलं. "तू जा. तुला हल्ली कुठेही तोंड उघडायला भीती वाटत नाही." खरंय. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आईचं म्हणणं आहे.

सेटवर पोचले आणि ते बंद झालं.

बाईसाहेब भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मी त्यांना ओळखलंच नाही. अंगावर करडा थर, कोपऱ्यांत काजळी, पितळी बटणं हिरवट, आणि झाकणावर चहाच्या कपाचा गोल डाग. जरा लांब एक माणूस ब्रश घेऊन, मान तिरकी करून, केकवर शेवटची चेरी कुठे ठेवावी असा विचार करत असल्यासारखा उभा होता.

"हे कोणी केलं?"

"मी," तो खुशीत म्हणाला. सेटवर सगळे त्याला डागवाला म्हणतात. "कसं झालंय?"

"का केलं पण?"

"फार नवी दिसत होती."

"ती माझ्या आजीच्या वयाची आहे."

"असेल. पडद्यावर कोण विश्वास ठेवणार? जुनी वस्तू जुनी दिसायला नको?" मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "घाबरू नकोस गं. चहाचं पाणी, मेण, थोडी राखाडी पूड. सगळं वरवरचं आहे. फडक्यानं निघतं."

मी आत्याला फोन लावला. आत्याचा फोन गल्ल्यात असतो आणि आत्या गल्ल्यावर नसते. मग ठरवलं, फाटकात उभं राहायचं, तिला आधी गाठायचं, बसवायचं, पाणी पाजायचं आणि मग सांगायचं.

पण नायिकेला तबकडीवर सुई ठेवता येईना. पाल उचलावी तसा तिनं सुईचा दांडा धरला होता. मला राहवलं नाही. "ताई, एका बोटानं, खालून आधार द्या. आणि ठेवायची, टाकायची नाही." तिनं ठेवली. दिग्दर्शक म्हणाले, "या पोरीला जवळच बसवा रे." मग काय विचारता. जेवणाच्या सुट्टीतही मी नायिकेच्या शेजारी. ती विचारत होती, मी सांगत होते. फाटक राहिलं फाटकाच्या जागी.

जेवून आत आलो तर आत्या पोचलेली. बाह्या सरसावून, गुडघे टेकून ती बाईसाहेबांचा शेवटचा पाय पुसत होती. शेजारी पॉलिशची डबी आणि काळंकुट्ट फडकं. बाईसाहेब लखलखत होत्या.

"काय माणसं आहेत," ती मला म्हणाली. "एका रात्रीत उकिरडा केला हिचा. झाकणावर कप ठेवला होता कोणा मेल्यानं. म्हटलं, लोक जेवतायत तोवर आवरून टाकू. त्यांनाही बरं वाटेल."

कोणालाही बरं वाटलं नाही. आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये सगळं तसंच आहे ना, हे बघायचं काम जिचं, ती ताई मटकन खाली बसली. दिग्दर्शकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्म्याचा दोष नव्हता.

"अर्धा प्रसंग झालाय," कलादिग्दर्शक बाई अगदी हळू म्हणाल्या. "नायिका मळक्या रेडिओग्रामवर गाणं लावते, आणि गाणं संपेपर्यंत तो चकचकीत."

आत्याला काही उमजेना. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"म्हणजे ते यांनी केलं होतं? ठरवून?"

"हो."

"पगार घेऊन?"

"हो, आत्या."

त्या ताईनं सकाळी काढलेला फोटो शोधला. त्यात पुढची बाजू होती, पण झाकणावर नायिकेचा कोपर आणि कोपरावर तिचे केस. चित्रणाचं मेमरी कार्ड कॉपी करायला ऑफिसात गेलेलं, ते संध्याकाळी येणार. खिडकीतलं ऊन तोवर थांबणार नव्हतं. डागवाला म्हणाला, "मी काय मोजून टाकतो का? हात जाईल तिथे डाग."

सगळे आत्याकडे बघायचं टाळत होते. मला टाक्या दिसायला लागल्या. एकावर एक, छतापर्यंत.

"आत्याला विचारा ना," मी म्हटलं. "पुसले तिनंच."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला सुट्टीच्या दिवशी शाळेत जावंसं वाटलं. मग ती बाईसाहेबांकडे बघत राहिली. आणि पुढे झाली.

"कप इथे होता. गोल पुरा नव्हता, भिंतीकडची कड तुटलेली. शेजारी थेंब. या कोपऱ्यात काजळी, पार आत, मला काडी घालावी लागली. या बटणावर हिरवं जास्त, त्याच्यावर कमी. आणि हा मागचा पाय तुम्ही विसरला होता."

"विसरलो नव्हतो," डागवाला म्हणाला. "दमलो होतो."

"एवढं कसं लक्षात राहिलं तुमच्या?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"एकेक डाग शिवी देऊन काढलाय. शिवी आठवली की डाग आठवतो."

डागवाला ब्रश फिरवत गेला, ती डोळे मिटून सांगत गेली. कपाचा डाग मात्र तिच्या मनासारखा उमटेना. "आण तो कप इकडे," ती म्हणाली. कपाचं बूड तिनं चहाच्या पाण्यात बुडवलं, आणि ज्या झाकणावर मला कधी पेन्सिलसुद्धा ठेवू दिली नाही, त्यावर तो ओला कप टेकवला. मला तर बघवेना, आणि नजरही काढवेना.

शॉट झाला. संध्याकाळी कार्ड आलं. मघाशी मटकन बसलेल्या ताईनं दोन्ही चित्रं शेजारी लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

कलादिग्दर्शक बाई आत्याकडे आल्या. "बाकीचे कधी पाठवताय? आणि एक विनंती. सोबत फडकं नको."

परतताना टेम्पोत बाईसाहेब मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. मी बाबांपुढे करायचं भाषण मनात घोळवत होते. टाक्यांसाठी त्यांनी दुसरी जागा बघावी, अशी सुरुवात ठरली होती. आत्यानं मात्र पिशवीतलं फडकं अजून बाहेरही काढलं नव्हतं. मला वाटलं, फार लागलंय तिला.

"आत्या, घरी गेल्या गेल्या पुसू आपण."

"पुसू गं." ती झाकणावर वाकली, एक डोळा मिटून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो गोल डाग किंचित डावीकडे गेला. एकाच्याही लक्षात आलं नाही बघ."