निळा पंप

बेळगावहून आलेल्या तपासणीवाल्यांनी शाळेजवळच्या बोअरचं पाणी नेलं आणि पुढच्या खेपेला पंपाला लाल रंग फासून गेले. पाण्यात फ्लोराइड लई, प्यायचं न्हाय. मालुबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला चिकोडीला होती; पंप लाल झाल्याचं तिला तिथंच कळलं. परतली तर पंप निळाशार. पाणी सुधारलं असंल, म्हणून ती पुन्हा घागरी भरू लागली.

दोन वर्षांत तिच्या नवऱ्याची, यल्लाप्पाची, मान पार आखडली. मागून कुणी हाक मारली तर त्याला अख्खं अंग वळवावं लागे. निपाणीच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे फोटो बघितला आणि विचारलं, "अजून बोअरचंच पाणी पाजताय?"

"सुधारलंय की ते."

"कोण म्हणालं? हे आपोआप सुधारत न्हाय, आक्का."

गावात उतरली ती थेट पंपाकडं. विळ्यानं खरवडलं, तर निळ्याखाली लाल. पंपाशेजारचा भरमा खाली मान घालून म्हणाला, "मेंबरनं रंगवून घेतलं. लाल पंप बघून गावात पोरगी कोण देणार, म्हणाला."

मेंबर म्हणजे पंचायतीतला मारुतीराव. त्याच्या घरात बोअरचा थेंब जात नसे. मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती.

"आन तू गप बसलास?"



मालुबाईनं गल्लीत उभं राहून बायकांना हाका मारल्या, झालं ते सांगितलं. घागरी घेऊन सगळ्या मळ्यात शिरल्या. मारुतीराव आडवा आला.

"मालुआक्का, खाजगी विहीर हाय ही."

"व्हय. इख तेवढं गावचं!"

"गावाच्या अब्रूसाठी केलं मी."

"माझ्या माणसाला मान वळवता येत न्हाय, मुडद्या! कुठली अब्रू सांगतोस?"

"पोलीस बोलवीन."

"बोलव. त्यास्नीबी पाज बोअरचं."

तिनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि बादली विहिरीत सोडली.

घरी यल्लाप्पाला मान मागं करता येत नव्हती, म्हणून तिनं चमच्यानं पाणी पाजलं. "गोड हाय गं," तो म्हणाला. ते ऐकून तिचा राग निवायचा राहिला, उलट भडकला. एवढं गोड पाणी एका बांधापल्याड होतं, आणि ती रोज स्वतःच्या हातानं ह्याला इख पाजत होती.

सकाळी मळ्याच्या फाटकाला कुलूप दिसलं. बायका थबकल्या. मालुबाईनं घागर खाली ठेवली, बांधावरचा धोंडा उचलला आणि कुलपावर घातला. दुसरा घाव मागून आलेल्या भरमानं घातला.