रविवारी अडलेलं दूध

कोडोलीच्या अलीकडची ती वाडी बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. उसाच्या तोडीपासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत कशावरही तिथं मत तयार असतं. फक्त फाट्यावरच्या पोरांचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवत. अनुजाला त्याचा मनापासून संताप यायचा.

फाटा म्हणजे हमरस्त्यावरचा एसटीचा थांबा. कॉलेजच्या मुली तिथून पावणेआठची गाडी धरत आणि वाडीतलीच चार-पाच पोरं मोटरसायकली आडव्या लावून तिथं उभी राहत. मोबाईलवर गाणी लावायची, नावं घ्यायची, वाट अडवायची. दिवाळीनंतर तीन मुलींनी कॉलेज सोडलं. सोडलं कसलं, घरच्यांनी सोडायला लावलं. अनुजाची राजनंदिनी अकरावी सायन्सला होती. तिनं घरी चकार शब्द काढला नाही, गुपचूप उसातल्या पायवाटेनं पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ लागली. तिच्या चपलांचा चिखल बघून आण्णांनी, म्हणजे अनुजाच्या सासऱ्यांनी, एक दिवस विचारलं आणि सगळं बाहेर आलं.

आण्णा वाईट माणूस नव्हते. नातीवर त्यांचा जीव होता, पण भीती वाटली की घराचं दार लावून घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"सोमवारपास्नं कॉलेज बंद," ते म्हणाले. "पुण्याला फोन करून तुझ्या नवऱ्यालाबी सांगिटलंय."

"पोरीनं काय केलंय, आण्णा?"

"तिनं काय न्हाय केलं. पर गावाला कोण सांगणार?"

"मग गावालाच सांगू की. सगळ्यांस्नी एका जागी बसवून."

आण्णा हसले. "ह्यावर गावानं तोंड उघडलं, तर मग बघू. सोमवारपतोर वाट बघतो."

अनुजा गावच्या दूध संस्थेत कामाला होती. दोन वेळा रांगेत येणाऱ्या प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनमध्ये घालायचा आणि ज्यावर दर ठरतो ती फॅट बघायची, हे तिचं काम. ती थेट चेअरमन विजयसिंहांकडं गेली.

"व्हय की वहिनी," ते खूश होऊन म्हणाले. "झकास कार्यक्रम करू."

त्या झकासनंच घात केला. चौकात डिजिटल फलक लागला. त्यावर अकरा चेहरे होते, त्यांत चेअरमनांचा सगळ्यात मोठा आणि बाईचा एकही नाही. शनिवारी दुपारी तीनला देवळापुढच्या मांडवात गाव जमलं. शहरातल्या शाहूपुरीतून एक वक्ते आणले होते. आधी त्यांचा सत्कार झाला, मग अध्यक्षांचा, मग स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाचा. प्रत्येकाला नारळ आणि फेटा. फेटे बांधणारा खास कागलहून आला होता आणि एकेक पीळ मनापासून देत होता. मध्येच एकाचं नाव वाचायचं राहिलं. ते उठून चालायला लागले, त्यांना परत आणून फेटा बांधेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं गेली. आमच्याकडं विषय राहिला तर चालतो, माणूस राहून चालत नाही.

पाच वाजता माईकवरून आवाज आला, "आता आपण मुख्य विषयाकडं वळू." पण पाच म्हणजे धारा काढायची वेळ. मागं बसलेल्या बाया आधी उठल्या, त्यांच्यामागं गडी उठले. शाहूपुरीचे वक्ते रिकाम्या सतरंजीला उद्देशून बोलले. काय बोलायचं ते अनुजानं कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद तिच्या मुठीत घामानं ओला झाला.

ती घरी आली तेव्हा आण्णांच्या डोक्यावरही फेटा होता. ज्येष्ठ म्हणून त्यांचाही सत्कार झाला होता. त्यांनी फेटा उतरवून खुंटीला अडकवला. आत राजनंदिनी पुस्तकं पिशवीत भरून माळ्यावर ठेवत होती.

रविवारी सकाळी सहाला तिनं संस्थेचं शटर उघडलं. नेहमीसारखी रांग लागली. पहिल्या नमुन्याची बाटली हातात घेऊन ती सहज रांगेकडं बघायला गेली आणि बघतच राहिली. घराघरातलं माणूस तिथं उभं होतं, बाई, गडी, म्हातारं. शेवटाला मोटरसायकलीला दोन कॅन अडकवून फाट्यावरचा राजवीरसुद्धा. ना फलक, ना फेटा. आणि दूध घातल्याशिवाय यातलं कुणीही घरी जाणार नव्हतं.

तिनं मशीनची पिन काढली.

"लाईट गेली व्हय?" रांगेतून कृष्णातनं विचारलं. दिवाळीनंतर कॉलेज सुटलेल्या तिघींतली एक त्याची मुलगी होती.

"लाईट हाय. मशीन मी बंद केलंय." अनुजानं बाटली खाली ठेवली. "फाट्यावर पोरींस्नी तरास हुतोय. त्याच्यावर हरेकानं एक वाक्य बोलायचं, मग मी फॅट बघतो. साडेसातला दुधाची गाडी येती."

एकच कालवा झाला. चेअरमन धावत पुढं आले. "वहिनी, दूध नासंल. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. पोरीचं कॉलेज जाण्यापरीस नोकरी गेलेली बरी."

पंधरा मिनिटं सगळे नुसते घड्याळाकडं बघत राहिले. तिला वाटलं, कालच्यासारखंच झालं, वर नोकरीही गेली.

रांगेत पहिला नंबर नेहमी धोंडुबाईंचा. सत्तरीची म्हातारी, एका गाईचं दूध छोट्या किटलीतून आणायची.

"माझा नातू असतोय तितं," ती म्हणाली. "राजवीर. त्यो बगा, मागं हुबा हाय. मला ठाव हुतं. म्हटलं, वय हाय, निगून जाईल." तिनं पदरानं किटलीची कड पुसली. "माझीबी शाळा अशीच सुटली. चौथीत. वड्याजवळ पोरं हुबी ऱ्हायची. आजवर कुणाला सांगिटलं न्हवतं." मग तिनं किटली पुढं सरकवली. "झालं माजं. फॅट बघ."

अनुजानं पिन लावली. डोळे भरून आल्यामुळं तिला मशीनवरचे आकडे नीट दिसेनात.

पुढं कृष्णात होता. "मी पोरीला घरात बसवलं," तो खाली बघून म्हणाला. "पोरांस्नी एका शब्दानं बोललो न्हाय. तेंच्या बापांबरोबर माझं उठणं-बसणं हाय."

मग रांग सरकू लागली. सगळेच काही शहाणं बोलले नाहीत. एकजण म्हणाला, पोरींनी मोबाईल घरी ठेवावा. त्यावर मागच्या तानाबाईंनी एकाच्या जागी सात वाक्यं ऐकवली. चेअरमनांचं वाक्य भाषणाच्या वाटेला लागलं तेव्हा कुणीतरी किटलीवर झाकण वाजवलं. राजवीरची पाळी आली. त्याचे कान लाल झाले होते.

"मी नुस्ता हुबा असतोय," तो पुटपुटला.

धोंडुबाई अजून पायरीवरच बसून होती. "मग उद्या माज्यासंगं हुबा ऱ्हा," ती म्हणाली.

गाडी आली आणि वीस मिनिटं खोळंबली. सगळ्यात शेवटी आण्णा आले. त्यांनी कॅन टेबलावर ठेवला.

"बस कितीला असती?"

"पावणेआठला. पर हे वाक्य न्हवं आण्णा, प्रश्न झाला."

"तेवढाच हाय माझ्याकडं," ते म्हणाले. तिनं दूध घेतलं.

सोमवारी दुधाची गाडी हलली तशी अनुजा कुलूप लावून फाट्याकडं पळत सुटली. राजनंदिनी महिन्याभरानं सरळ रस्त्यानं आली होती, रिकामा कॅन घेतलेल्या आण्णांबरोबर. थांब्याजवळच्या दगडावर धोंडुबाई बसली होती आणि शेजारी राजवीर तिची काठी धरून उभा होता. कृष्णात, तानाबाई, आणखी पाच-सहाजण रिकाम्या किटल्या घेऊन उगाच ऊन खात असल्यासारखे थांबले होते. दोन मोटरसायकली लांबूनच वळून माघारी गेल्या. ती पोरं कधीतरी परत येतील, हे अनुजाला कळत होतं. पण आज एसटी आली, राजनंदिनी चढली आणि खिडकीतून तिनं आजोबांना हात केला.

"चला आण्णा," अनुजा म्हणाली. "गेली की गाडी."

आण्णा जागचे हलले नाहीत. "सव्वाआठची हाय अजून. कृष्णाताची पोर आज येतो म्हणालीया."

थोड्या वेळानं वाडीच्या रस्त्यावरून ती आली. दिवाळीपासून घडी घालून ठेवलेला कॉलेजचा ड्रेस तिनं घातला होता, घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आण्णांनी आपला कॅन उचलून बाजूला ठेवला आणि तिला उभं राहायला जागा करून दिली.