राजाकडे पाठ

योरुबा लोकांच्या एका गावाचा नवा राजा उघडपणे मुसलमान झाला आणि महिन्याभरात तिथल्या सगळ्या सरदारांच्या डोक्यावर पांढरे फेटे चढले. सर्वांत मोठा फेटा ओतुनचा, म्हणजे राजाच्या उजव्या हाताला बसणाऱ्या सरदाराचा. दोन वर्षांपूर्वी इमाम बकारेंची बायको अवावू वारली, तेव्हा याच माणसाने तिचा जनाजा बाजारातून जाऊ दिला नव्हता. परक्या धर्माचं मढं आडरानातून न्या, म्हणाला होता.

बकारे पोटासाठी कापड विणत. आता तोच ओतुन त्यांच्या मागाजवळ येऊन उभा राहिला.

"बाबा, शुक्रवारी तुम्ही महाराजांकडे पाठ केलीत. योरुबांच्या राजाला कुणी पाठ दाखवतं का?"

"नमाज पढवणारा पुढेच असतो, ओतुन."

"मागे उभं राहून नमाज पढवा. नाहीतर गाव सोडा."

बकारेंच्या हातातला धोटा थांबला. गाव सोडायचं म्हणजे अवावूची कबर सोडायची.

"सोडेन," ते म्हणाले. "पण मागे उभा राहणार नाही."

पुढच्या शुक्रवारी मैदानात नमाजाला ते पुढेच उभे राहिले.

"बघा, महाराज, पुन्हा पाठ!" ओतुन ओरडला.

 राजा उठला आणि शेवटच्या रांगेत कुंभारांशेजारी जाऊन उभा राहिला. आता साऱ्या सरदारांच्या पाठी त्याच्याकडे झाल्या! मग काय धांदल उडाली. फेटे सावरत सगळे राजाच्या मागे पळाले. मागे निळीत कापड रंगवायचे खड्डे होते. उलट्या पावली सरकता सरकता ओतुन त्यातल्या एकात गुडघाभर उतरला.

"ओतुन, मी कालपर्यंत ओरिशा, आपले जुने देव, पूजत होतो, तेव्हा तूही पूजत होतास," राजा म्हणाला. "उद्या मी झाडाला नमस्कार केला, तर तू फांदीवर चढशील का?"

कुंभार हसले. राजाने विचारलं, "बाबा, याला काय शिक्षा देऊ?"

"शिक्षा नको. जनाज्यांना बाजारातली वाट मोकळी करा."

ओतुन निळ्या पायांनी पुढच्या रांगेत आला आणि राजाकडे पाठ करून उभा राहिला.  त्याच आठवड्यात एक गरीब कुंभारीण वारली. तिला बाजारातून नेलं. पहिला खांदा ओतुनने दिला, कुणी न सांगता. बकारे मागून चालत होते. अवावूला ही वाट मिळाली नव्हती.

मंडळी, राजाचं तोंड बघून बदलणारा धर्म फेट्यापुरताच असतो. शेजाऱ्याच्या मढ्याला वाट देतो, तोच खरा.