होंगे म्हणजे होतील

करंजाची वाळलेली शेंग कानापाशी हलवली की आत बी खुळखुळते. त्या एवढ्याशा नादात माझी आई अजून वावरते. गल्ली तिला अक्का म्हणे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. बनशंकरीतल्या आमच्या खोलीला वीज नव्हती. रेशनचे रॉकेल आले नाही की संध्याकाळ तिथे वेळेआधीच काळवंडे, आणि अक्का रस्त्याकडेच्या झाडांखालून शेंगा वेचून घाण्यावर नेई. त्या कडवट तेलाच्या दिव्यापाशी मी शिकले. कॉलेजात माझ्या वह्यांना वास येतो म्हणून मुली लांब बसत. त्याच वासावर मी पदवी काढली, घरातली पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या प्रयोगशाळेत त्याच बियांपासून डिझेल करण्याचे काम मिळाले. देशाचे तेल समुद्रापलीकडून येते आणि इथे झाडांवरून गळलेले तेल चाकांखाली चिरडले जाते, हे मला बघवत नव्हते. करंजाला इकडे कन्नडात होंगे म्हणतात. बैठकीत मी सवयीने तेच नाव घेतले, तर उत्तरेकडचे साहेब हसून म्हणाले, "होंगे, मगर कब?" घरी सांगितले तेव्हा अक्का खोकत खोकत हसली.

"होंगे म्हणजे होतील. सरी, ठीक आहे, स्वल्प थांबा म्हणावं."

थांबायला वेळ तिच्यापाशीच नव्हता. वर्षानुवर्षांच्या स्टोव्हच्या धुराने तिची छाती पोखरली होती. आणि आमच्या तेलाचे डिझेल होईना, साबणच होई. एकदा तिने माझ्या पोत्यातली शेंग कानाशी नेली.

"ओली आहे गं. तुझं यंत्र ऐकत नाही का?"

माघापासून चैत्रापर्यंत ती गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात शेंगा ऐकत बसली. वाजणारी उजवीकडे, मुकी डावीकडे; ओल्या बियांचाच साबण होत होता. तिच्या श्वासातली खरखर आणि शेंगांची खुळखुळ यांतला भेद मला जिन्यावरून कळेनासा झाला. मागणे एकच होते: तुझ्या या तेलावर चालेल त्या गाडीत मला एकदा बसव.

होंगे फुलला आणि अक्का गेली. जांभळट-पांढऱ्या सड्यावरून तिला नेले, ते काळा धूर सोडणाऱ्या, साध्याच डिझेलच्या गाडीतून.

आता आमची एक बस रोज बनशंकरीहून इलेक्ट्रॉनिक सिटीला होंगेच्या डिझेलवर जाते. साहेबांना मी एवढेच म्हटले, "झाले." पण शेंग कानाशी धरली की उमगते, काळही ऐकूनच निवडतो, आणि वाजणारे आधी उचलतो.